एकोणतीसचा पाढा

आमच्या दैनिकाच्या डार्करूमच्या दारावर एक पाटी होती. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली : 'आत काम सुरू असताना आकडा उच्चारू नये.' नव्या माणसाला ती गंमत वाटे. कार्यालयातली ती सर्वांत गंभीर सूचना आहे, हे त्याला आठवड्याभरात कळत असे.

आत काम करणारे गृहस्थ आमचे छायाचित्रकार. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते आयुष्यात कधी शिक्षक नव्हते. नाव पडलं ते पाढ्यांमुळं. मास्तर घड्याळ वापरत नसत. फिल्म रसायनात किती वेळ ठेवायची, कागदावर उजेड किती वेळ पाडायचा, हे सगळं ते पाढे म्हणून मोजत. प्रत्येक कामाचा पाढा ठरलेला होता. आज म्हटलेला पाढा आणि सहा महिन्यांनी म्हटलेला पाढा यांत सेकंदाचा फरक पडत नसे. मी घड्याळ लावून तपासलं आहे. मात्र मध्येच कोणी दुसरा आकडा कानावर घातला की सगळं विस्कटे. एकदा शिपायानं दाराबाहेरून "साडेअकरा झाले, चहा आणू का?" असं विचारलं आणि एका मोर्चाचे सगळे फोटो काळेठिक्कर निघाले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली. मतमोजणीच्या दिवशी मास्तर कानात कापूस घालून आत जात.

"घड्याळ भिजते, बंद पडते, चोरीले जाते," ते म्हणत. "पाढा भिजत नाही."

ते मूळचे नरखेड तालुक्यातले. घरची संत्र्याची बाग होती. चौथीनंतर वडिलांनी शाळेतून काढून बागेत घातलं. शाळेतून त्यांनी सोबत आणलं ते तीसपर्यंतचे पाढे. तरुणपणी बाग भावावर सोडून ते नागपूरला आले, सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत राहिले आणि तिथून वर्तमानपत्रात. मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं. अंगानं काटक. खाकी पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. पावसात छत्री उघडली तर ती कॅमेऱ्यावर. स्वतः उघड्यावर भिजत चालत. "माणूस वाळते," हे त्यावरचं उत्तर.

कॅमेरा कार्यालयाचा होता, दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा. रोल बारा फोटोंचा. रोल तेव्हा बाजारात सहज मिळत नसत आणि कार्यालयातून एका कामाला एकच मिळे. मास्तर त्यातले अकरा फोटो काढत. बारावा राखून ठेवत. का, हे बराच काळ मला ठाऊक नव्हतं. काहीही झालं तरी बारावा फोटो कामावर खर्च होत नसे. कार्यालयात परत आल्यावर ते गच्चीवर जात आणि कावळा, पाण्याची टाकी, जे समोर असेल त्यावर तो संपवत.

या सवयीनं एकदा त्यांची नोकरी जाण्याची वेळ आली. कस्तुरचंद पार्कवरच्या एका सभेत पुढाऱ्यांसकट मंच खाली बसला. मास्तर दहा पावलांवर उभे होते. अकरा फोटो झालेले, बारावा शिल्लक. त्यांनी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दैनिकात तो फोटो पहिल्या पानावर होता. आमच्याकडं त्या जागी पुढारी हार घालून घेत होते.

संपादकांनी त्यांना बोलावलं. मी पानाचं प्रूफ घेऊन तिथंच उभा होतो.

"मास्तर, मंच कोसळला तेव्हा तुम्ही काय करून राहिले होते?"

"पाहून राहिलो होतो."

"फोटो काहून नाही काढला?"

"मंच कोसळतच राहते, साहेब. आणखी कोसळन."

संपादक शांत स्वभावाचे होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच सांगितलं की दिवाळीनंतर नवा छायाचित्रकार येईल, छोट्या फिल्मच्या नव्या कॅमेऱ्यासह. जुना कॅमेरा कार्यालयात जमा होईल आणि मास्तर ब्लॉक बनवण्याच्या खात्यात बसतील. म्हणजे फोटो काढणं बंद. स्वतःचा कॅमेरा मास्तरांकडं नव्हता आणि होण्यासारखी परिस्थितीही नव्हती. मास्तर "बरं" म्हणून बाहेर आले. जिन्यात थांबून त्यांनी मला विचारलं, "दिवाळीच्या आधी पाऊस एकच राहिला ना गा?"

तेव्हा मला बाराव्या फोटोची हकीगत कळली. खरं तर अर्धी मला आधीच माहीत होती, कारण तिच्यात माझाही हात होता.

काही वर्षांपूर्वी देवलापारच्या पुढच्या जंगलात एका मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण होतं. मास्तर रोल संपवून मोकळे झाले आणि आडोशाला म्हणून बांबूच्या बेटामागं गेले. तिथं एक भूछत्र उभं होतं. पांढरा दांडा, वर हिरवट चिकट टोपी, आणि टोपीखालून जमिनीपर्यंत उतरलेला पांढऱ्या जाळीचा झगा, क्रोशाच्या सुईनं विणल्यासारखा. मास्तरांनी कॅमेरा उघडून पाहिला. फिल्म शिल्लक नव्हती.

"बाराच्या बारा फोटोंत मंत्री," ते मला सांगत होते. "एकच मंत्री, बारा वेळा. आणि हे समोर उभं. तवापासून बारावा ठेवतो."

परत येऊन त्यांनी बातमी सांगितली. त्या दिवशी जागा रिकामी होती म्हणून पाचव्या पानावर ती लागली. तिसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. असं भूछत्र या भागात कोणी नोंदलेलं नाही, ते कोळ्याचं जाळं लागलेलं साधं भूछत्र असावं, आणि जबाबदार दैनिकानं असल्या ऐकीव गोष्टी छापू नयेत, असं त्यात होतं. मास्तरांकडं पुरावा नव्हता. पाचव्या पानाच्या तळाला उजव्या कोपऱ्यात दोन ओळी छापल्या गेल्या : 'जाळीच्या भूछत्राविषयी या दैनिकात प्रसिद्ध झालेले वृत्त निराधार असल्याचे आढळले. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

त्या ओळी मी लिहिल्या होत्या. नोकरीतला माझा तो दुसरा आठवडा होता.

मास्तरांनी ते कात्रण कापून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलं. वर्तमानपत्रातल्या माणसाला दिलगिरी म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन समजणार नाही. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. दिलगिरी ज्याच्यामुळं छापली गेली त्याच्या नावाला चिकटून राहते. जुने लोक नव्यांना ओळख करून देताना सांगतात, "हे जाळीवाले बरं का." मास्तरांची ओळख तशीच करून दिली जात होती.

दर पावसाळ्यात, सुटीच्या रविवारी, ते देवलापारला जात. एके वर्षी भूछत्र मिळालं. त्यांनी फ्लॅश वापरला आणि जाळी उजेडात विरून गेली. तो फोटो त्यांनी प्राध्यापकांना पाठवला. उत्तराचं पोस्टकार्ड आलं : 'छायाचित्रात पांढरा डाग दिसतो. तो कागदाचा बोळाही असू शकेल.' आणखी एका वर्षी फ्लॅशशिवाय काढला, एकोणीसचा पाढा म्हणून. तो इतका फिका आला की त्याचा कागदावर फोटोच होईना. तरी त्यांनी तो पाठवला. उत्तर : 'यात काहीच दिसत नाही.' दोन्ही पोस्टकार्डं पिशवीत, कात्रणाच्या शेजारी.

जिन्यात हे सांगून झाल्यावर मास्तर म्हणाले, "दिलगिरी तू लिहिली होती ना? मग यंदा तू चाल. पाहणाराबी तोच पाहिजे."

ऑगस्टमधल्या एका रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. मास्तरांच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, हातात छत्री आणि काखेत घरचा जेवायचा पाट. पाटाला मधोमध भोक पाडून स्क्रू बसवला होता. जमिनीलगतच्या फोटोसाठी त्यांचा तोच स्टँड. तिकडं प्रतापनगरात त्यांच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते आणि एक पाट कमी पडणार होता. त्यावरून सकाळी ऐकून आल्याचं त्यांनी सांगितलं.

कामठी मागं पडल्यावर ते माझ्याकडं वळले.

"एकोणतीसचा पाढा येते?"

"विसरलो असेन."

"म्हण."

कारण त्यांनी नंतर सांगितलं. भूछत्रासमोर आडवं पडल्यावर त्यांचं तोंड जाळीपासून हातभर अंतरावर असे. मागच्या वेळी त्यांनी स्वतः पाढा म्हटला आणि तोंडाच्या वाऱ्यानं जाळी हलली. म्हणजे तो फोटो फिका होता तसा हललेलाही होता. यंदा पाढा दुसऱ्यानं, चार पावलं मागं उभं राहून म्हणायचा होता.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न—"

"गाणं नको म्हणू. विहिरीतून पाणी शेंदतेत तसं म्हण. एक ओढ, एक आकडा."

मी म्हणत गेलो. त्रिक, चोक, पंचे बरे गेले.

"एकोणतीस सक एकशे चौसष्ट."

मागच्या बाकावर मिरच्यांचं पोतं पायाशी घेऊन बसलेले एक शेतकरी पुढं वाकले. "एकशे चौऱ्याहत्तर, भाऊ. कितवी शिकले?"

"एम.ए.," मास्तरांनीच सांगितलं.

"मग बरोबर आहे," शेतकरी म्हणाले आणि मागं टेकले.

मनसरपर्यंत मी पाढा चौदा वेळा म्हटला. सहा वेळा सकवर घसरलो. शेवटी शेवटी अर्धी गाडी माझ्याबरोबर म्हणत होती. मिरचीवाले उतरताना म्हणाले, "सकवर सांभाळा."

देवलापारच्या पुढच्या फाट्यावर आम्ही उतरलो. तिथून जंगलातली वाट. पाऊस थांबलेला, पण झाडं ठिबकत होती. मास्तर चालताना बोलत नसत आणि बोलू देत नसत. सागाच्या पानांवरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज होता, पुढं कुठंतरी पाण्याचा. ते मध्येच थांबत, वाकत, एखाद्या कुजक्या ओंडक्याकडं बोट दाखवत आणि पुढं जात. त्या बोटामागून पाहिलं की दिसे. ओंडक्याला पायऱ्यांसारखी चिकटलेली तपकिरी छत्रं. मोहरीएवढ्या पिवळ्या टाचण्यांची रांग. शेणावर उगवलेली, काचेसारखी आरपार दिसणारी छत्री, जी उन्हाचा पहिला कवडसा आला की मान टाकते. मी नागपूरला जन्मलेला, चाळीस मैलांवरच्या या गोष्टी तोवर पाहिलेल्या नव्हत्या.

साडेआठच्या सुमारास धबधबा आला. त्याला नाव नव्हतं. दोन मजली घराएवढ्या काळ्या कातळावरून पाणी तीन धारांनी उतरत होतं आणि खाली कुंडात एक होत होतं. मास्तर पाट मांडून बसले. धबधब्याला ते बेच्या पाढ्याची एक ओळ देत. तेवढ्यात पाणी दुधासारखं येतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी वरून, पाणी बाजूनं, कातळाच्या कपारीतलं शेवाळ, ओंडक्यावरच्या पायऱ्या, पिवळ्या टाचण्या. एकेका फोटोला सात-सात मिनिटं. मी घड्याळ पाहत होतो. मला घाई होती, त्यांना नव्हती.

"बांबूत दहाच्या आत उजेड उतरत नाही," ते म्हणाले. "आणि अकराच्या पुढं जाळी उभी राहत नाही. मंधात एक तास आहे. तो तास आला की जाऊ."

दहाच्या आधीच टोपलीत सात्या भरून एक बाई कुंडाजवळ आली. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी, खायची भूछत्रं. तिकडं पावसाळ्यात ती बाजारात विकतात. पन्नाशीची, गोंड, जवळच्याच टोल्यावर, म्हणजे वाडीवर, राहणारी. मास्तर तिला दरवर्षी भेटत होते. भूछत्राचं अंडं, म्हणजे न उमललेला पांढरा गोळा, कुठं फुगलंय याची खबर तीच ठेवत असे.

"फोटूवाले भाऊ, तुम्ही पाण्याचेच फोटू काढून राहिले?" ती म्हणाली. "तुमची झगावाली सकाळीच निंगाली ना. काल सांजच्याला अंडं होतं. आता झगा पायापर्यंत आला."

"वारा आहे का तिथं?"

"नाही. वास आहे."

"किती फोटो झाले?" मी विचारलं.

"अकरा," मास्तर म्हणाले आणि पाट काखेत मारला.

बाईमागून आम्ही नाल्याच्या कडेनं चढत गेलो. बांबूचं दाट बेट होतं. आत शिरल्यावर दिवस मावळल्यासारखा उजेड. आधी वास आला, भिंतीमागं उंदीर मेला की येतो तसा. मग ती दिसली.

पत्रकारितेत वर्णनाचे शब्द जपून वापरायची सवय लागते, म्हणून मापं देतो. उंची वीतभर. दांडा अंगठ्याएवढा जाड, पांढरा, स्पंजासारखा. टोपी बोराच्या आकाराची, हिरवट, तिच्यावर सात-आठ माश्या. टोपीखालून सगळीकडून सुटलेली जाळी, पांढरी, जमिनीपासून दोन बोटं वर थांबलेली. जाळीचं प्रत्येक भोक वेगळं दिसत होतं. आणि ते कोळ्याचं जाळं नव्हतं. मी चार वर्षांपूर्वी लिहिलेल्या दोन ओळींच्या मजकुरातली प्रत्येक गोष्ट चूक होती.

"पाह्यलं?" मास्तर म्हणाले.

"पाहिलं."

"तू पाहून भागत नाही गा. कागदावर पाहिजे."

त्यांनी पाट ओल्या पानांवर मांडला, कॅमेरा कसला, भिंगावर जवळचं दुसरं भिंग चढवलं आणि आडवे झाले. डाव्या हातानं छत्री भूछत्रावर धरली, बांबूवरून ठिबकणारा थेंब जाळीवर पडू नये म्हणून. उजव्या हातात बटणाची लांब तार. मग तळहात उजेडाकडं करून पाहिला. हे त्यांचं उजेड मोजायचं साधन होतं. हाताच्या रेषा दिसल्या तर एकोणीस, नाही दिसल्या तर एकोणतीस. त्यांनी हात मला दाखवला. मलाही रेषा दिसत नव्हत्या.

बाई टोपली खाली ठेवून उकिडवी बसली. तिला हा सगळा प्रकार माहीत होता. तिनं पदर नाकाला लावला.

माश्या उडाल्या की जाळी किंचित हले. आम्ही थांबलो. माश्या बसल्या. मास्तरांनी मान हलवली. मी सुरू केलं. तारेचं बटण दाबल्याचा बारीक आवाज आला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस."

इथं बांबूवरून एक मोठा थेंब छत्रीवर आदळला. माझं लक्ष गेलं.

"एकोणतीस सक एकशे चौसष्ट."

मास्तर हलले नाहीत. तारेवरचा अंगठा तसाच. कॅमेरा उघडाच होता. मी सत्ते म्हणायला तोंड उघडलं, तोच त्यांनी मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवली, वारा जाळीला लागू नये म्हणून, आणि मातीला सांगावं तसं म्हणाले, "चौऱ्याहत्तर. पुन्हा म्हण. एकेपासून."

त्यांना माझी चूक तशीच सोडून चार आकडे मोजता आले असते. अंदाजानं अंगठा उचलता आला असता. दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं. पण चुकलेला पाढा पुढं नेता येत नाही, ही त्यांची एकमेव शाळा होती. ज्या शाळेत ते चौथीपर्यंत होते, तिथं चुकलेला मुलगा पहिल्यापासून म्हणत असे आणि बाकीचा वर्ग उभा राहत असे. इथं वर्गाच्या जागी कॅमेरा उभा होता.

मी एकेपासून म्हटलं. सकवर एकशे चौऱ्याहत्तर म्हटलं. सत्ते दोनशे तीन. आठी दोनशे बत्तीस. नव्वे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद. अंगठा उचलला गेला.

मास्तर उठले, गुडघ्याची पानं झटकली. बाईनं विचारलं, "झालं?"

"झालं. जळाला असन," मास्तर म्हणाले.

उजेड दीडपटीहून जास्त वेळ पडला होता. त्यांच्या हिशेबानं फोटो उजेडानं जळून गेला असणार होता. बारावा फोटो तोच होता, भूछत्र मोसमात एकदाच येई आणि पावसाळाही तो शेवटचा होता. अर्ध्या तासानं, आम्ही भाकर आणि ठेचा खात असताना, जाळी एका बाजूनं खाली बसली. मास्तर म्हणाले होते तसंच झालं. आम्ही पाहत बसलो.

एसटीत येताना मास्तर खिडकीकडं तोंड करून होते. मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "तुह्यी चूक नाही गा. मीच कच्च्या माणसाले घेऊन आलो." हे ऐकून बरं वाटायची काही सोय नव्हती.

संध्याकाळी सातला आम्ही कार्यालयात पोचलो. मास्तर सरळ डार्करूममध्ये गेले. दार लावायच्या आधी त्यांनी मला आत ओढलं. मी तिथं पहिल्यांदाच शिरत होतो. काळोखात मला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता, एका संथ ओढीत जाणारा सतराचा पाढा, मग रसायन ओतल्याचा आवाज, मग तेराचा. मी श्वासाची गडबडही होऊ दिली नाही. मग दिवा लागला.

त्यांनी ओली फिल्म दोन हातांत धरून बल्बसमोर नेली. धबधबा, धबधबा, कपार, शेवाळ, ओंडका, पिवळ्या टाचण्या. बोट सरकत गेलं. शेवटच्या चौकोनाशी थांबलं.

त्यांनी तो चौकोन बल्बच्या आणखी जवळ नेला. मग फिल्म माझ्यापुढं धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं. काळ्या धाग्यांची जाळी होती, भोक अन् भोक मोजता येईल अशी, आणि टोपीवर एक माशी, तिच्या पंखांसकट.

"जळाला नाही," मी म्हणालो.

"नाही."

पुढं कधीतरी एका पुस्तकात मी कारण वाचलं. अंधुक उजेडात फिल्म आळसावते. हिशेबानं जेवढा वेळ निघतो त्याच्यापेक्षा बराच जास्त तिला द्यावा लागतो. मास्तरांचं गणित मागच्या वेळी बरोबर होतं आणि म्हणूनच फोटो चुकला होता. त्या दिवशी ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मास्तरांनी फिल्म वाळत टांगली, दार सताड उघडलं आणि मला म्हणाले, "आता म्हण गा, कोणता आकडा म्हणायचा तो."

बुधवारी प्राध्यापक कार्यालयात आले. मोठा फोटो मास्तरांनी सायकलवरून स्वतः त्यांच्या घरी पोचवला होता. उंच, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. बरोबर खिशातलं भिंग. संपादकांच्या टेबलावर फोटो ठेवून त्यांनी तो पुन्हा पाच मिनिटं पाहिला. मास्तर दाराशी उभे होते. त्यांना बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत.

"हे देवलापारचंच?"

"हाव."

"तुमच्याबरोबर कोणी होतं?"

"दिलगिरी लिहिणारा होता," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं.

मी होकार दिला. प्राध्यापकांनी भिंग खिशात ठेवलं. "तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी जाऊन पाहायला हवं होतं," ते म्हणाले. "चाळीस मैल होतं. मी पत्र लिहिलं, कारण ते बसल्या जागी होतं. आता दुसरं लिहून देतो. छापा." मग मास्तरांकडं वळून विचारलं, "एवढ्या अंधारात किती वेळ उघडा ठेवला हो?"

"एकोणतीस सकपर्यंत चुकीचा," मास्तर म्हणाले. "मग पूर्ण, बरोबर."

प्राध्यापकांना ते कळलं नाही. संपादकांना कळलं, त्यांना मी हकीगत सांगितली होती. मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

संपादकांनी फोटो पहिल्या पानावर चार कॉलम घ्यायचं ठरवलं. आमच्या दैनिकात माणूस नसलेला फोटो पहिल्या पानावर जात नसे. तो नियम त्या दिवशी मोडला. पण मास्तर अडून बसले.

"पयल्या पानावर काय लावाचं ते लावा, साहेब. मले पाचव्या पानावर पाहिजे. तळाले, उजव्या कोपऱ्यात. दोनच ओळी. टाइप तोच बारीक. जिथं पाडलं तिथंच उठवा."

"आणि लिहिणार कोण?"

मास्तरांनी पिशवीतून पिवळं पडलेलं कात्रण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी लिहिलं : 'जाळीच्या भूछत्राविषयीचे वृत्त खरे होते. त्याबद्दल पूर्वी व्यक्त केलेली दिलगिरी मागे घेण्यात येत आहे.' कंपोझिटरनं दोनदा विचारलं की हे असंच लावायचं का. पुढं मी तीस वर्षं त्या धंद्यात होतो आणि दिलगिऱ्या बऱ्याच छापल्या. मागे घेतलेली ही एकच.

दिवाळीनंतर नवा छायाचित्रकार आला, नव्या कॅमेऱ्यासह. जुना कॅमेरा मात्र जमा झाला नाही आणि मास्तर ब्लॉक खात्यात गेले नाहीत. बाराव्या फोटोची सवयही सुटली. पुढच्या वर्षी एका सभेत माईक पेटला तेव्हा त्यांनी बाराच्या बारा काढले. देवलापारच्या बाईला तो मोठा फोटो नेऊन दिला तेव्हा तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हिचा काढला. माह्या म्हशीचा कवा काढान?" तोही पुढं काढला गेला. म्हैस हलली होती.

फोटो छापून आला त्याच्या पुढच्या शनिवारी मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काखेत पाट होता.

"उद्या चाल. पहिली एसटी."

"आता काय राहिलं, मास्तर?"

"कपारीतलं शेवाळ फिकं आलं ना गा. तेबी अंधारातलं."

"ठीक आहे," मी म्हणालो. "ह्या खेपेला न चुकता म्हणतो. आठवडाभर पाठ केलाय."

मास्तरांनी पाट या काखेतून त्या काखेत घेतला आणि टेलिप्रिंटरजवळ बसलेल्या नव्या उपसंपादकाकडं वळले.

"काय बापू," त्यांनी विचारलं, "तुले एकोणतीसचा येते का?"

"नाही बा," तो म्हणाला.

"मग तू चाल."